पाल्याची खोली

थोरलीला कांजिण्या झाल्या त्या ऐन झळांच्या दिवसांत, शेडमधले रेशमाचे किडे कात टाकायच्या शेवटच्या झोपेतून उठायच्या बेतात असताना. चाळिशी ओलांडलेल्या बाईला पोरासोरांचा आजार व्हावा, याचं आधी तिचं तिलाच हसू आलं. सकाळी अंगावर पाणी घेताना पोटावर दोन-चार पुटकुळ्या दिसल्या, तर तुतीच्या पाल्यातलं काहीतरी चावलं असेल म्हणून तिनं काणाडोळा केला आणि विळा घेऊन मळ्यात गेली. दुपारी परत आली ती फांद्यांचा भारा अंगणात टाकून पायरीवर बसलीच. मानेवर, केसांच्या मुळाशी, पापणीच्या कडेलासुद्धा पाण्याचे थेंब चिकटावेत तसे फोड उठले होते, आणि अंग इतकं तापलं होतं की उन्हातली दगडी पायरी तिला गार लागली.

पंधरवड्यापूर्वी ती बहिणीकडे जाऊन आली होती. तिथला भाचा किरकिरत होता, कुणाकडे राहीना, म्हणून दिवसभर त्याला कडेवर घेऊन हिंडली होती. पोर कुणाचंही असो, रडायला लागलं की थोरलीच्या हातांना चैन पडत नसे. तिला स्वतःला मूल नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

नर्सबाई सायकलवरून आल्या. त्यांनी थोरलीचा चेहरा पाहिला, मळ्यात घालायच्या शर्टाची बाही वर करून दंड पाहिला, आणि मग त्यांची नजर गेली ती दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ, दिराची बायको. एक हात कमरेवर, पोट पुढे, चेहरा उन्हानं लालबुंद.

"हिला कितवा?" नर्सबाईंनी विचारलं.

"आठवा सरत आलाय," थोरली म्हणाली.

"मग ही इथे काय करतेय? ए, मागे सर तू. अजून मागे. घरात जा. लहानपणी तुला कांजिण्या झाल्या होत्या का गं?"

"माहीत नाही."

"आईला विचार."

"आई नाही. मी रांगत होते तेव्हाच गेली."

"मग वडिलांना."

"वडिलांना माझं वयसुद्धा धड आठवत नाही," धाकटी म्हणाली आणि हसली. 

नर्सबाईंनी सरळ सांगितलं. पोटुशीला हा आजार जड जातो, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाला तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत थोरलीनं एका खोलीत राहायचं. ताट वेगळं, कपडे वेगळे, मागचा संडास तिचा एकटीचा. "आणि एक ध्यानात ठेवा. अंगावर काही दिसायच्या आधी एक-दोन दिवसांपासूनच हा दुसऱ्याला लागतो."

थोरली आपल्या हातांकडे बघत राहिली.

दोघी जावांचं वर्षभर बिनसलेलं होतं. धाकटी दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा किडे बघून तिला मळमळायचं. काही शिकायला म्हणून ती शेडमध्ये गेली की थोरली तिच्या हातातली फांदी काढून घेई. दाखवत बसण्यापेक्षा स्वतः केलेलं तिला बरं वाटे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी डास फार झाले म्हणून धाकटीनं शेडला लागून असलेल्या खोलीत डासांची अगरबत्ती लावली. तो धूर रेशमाच्या किड्यांनाही मारतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी रॅकवरचे निम्मे किडे तोंडातून हिरवं पाणी गाळत आखडून पडले होते. थोरलीनं भर अंगणात आवाज चढवला, "शेडच्या दारात पाऊल टाकलंस तर याद राख." धाकटीनं टाकलं नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरात दोघींची भांडी काय ती एकमेकांशी बोलत.

आणि परवाच्या संध्याकाळी, का कोण जाणे, थोरलीला राहवलं नव्हतं. धाकटी पायरीवर बसली होती. पावलं इतकी सुजलेली की चप्पल आत जाईना. थोरली तेलाची वाटी घेऊन आली, खाली बसली आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागली.  धाकटीनं पाय मागे घेतले नाहीत. थोडा वेळ तर तिचा डोळाही लागला होता.

वर्षभरात एकदाच माया केली, आणि तिथेच नेमकं हे.

खोली ठरवताना घोळ झाला. अंगणाच्या कडेला, मळ्याला लागून एकच खोली अशी होती की जिला घरात उघडणारं दार नव्हतं. ती पाल्याची खोली. तोडलेला तुतीचा पाला तिथे ओल्या गोणपाटाखाली ठेवत, म्हणजे किड्यांना दिवसभर ताजा मिळे.

"वहिनी तिथे राहिल्या तर पाला कुठे ठेवायचा?" दीर म्हणाला. "या झळांत तासाभरात वाळून खुळखुळा होतो त्याचा. आणि किडे आता उठले की राक्षसासारखे खाणार."

"खायला घालायच्या वेळी तोडून आणू," थोरला म्हणाला. थोरलीचा नवरा कमी बोलणारा.

"म्हणजे दिवसातून किती खेपा, दादा?"

"लागतील तितक्या."

"मी मळ्यात मांडव घालून राहते," थोरली पायरीवरून म्हणाली. "पाल्याची खोली अडवू नका."

"गप," थोरला म्हणाला, आणि खाट उचलायला गेला.

"आणि शेडमध्ये कोण बघणार?" दिरानं विचारलं.

 दोघे भाऊ फांद्या तोडण्यात आणि वाहण्यात दिवसभर गुंतणार हे उघड होतं. राहता राहिली धाकटी. ती खिडकीच्या आड उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दीर तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे एक इंजेक्शन दिलं. यानं आजार टळेल किंवा सौम्य होईल, पण खात्री नाही, महिनाभर अंगावर लक्ष ठेवा, डॉक्टर म्हणाले.

थोरली कपड्यांचं गाठोडं घेऊन पाल्याच्या खोलीत शिरली. रोगट किडा दिसला की ती स्वतः त्याला चिमट्यानं उचलून चुन्याच्या डब्यात टाकायची. आज तिला तसंच कुणीतरी उचललं होतं. डब्याला खिडकी होती, एवढाच काय तो फरक.

खोलीत गारवा होता. वर्षानुवर्षं ओल्या पाल्यानं भिजलेल्या भिंतींना हिरवट, गोडसर वास येत होता. मागच्या खिडकीबाहेर लगेच तुतीच्या ओळी सुरू होत, त्यामुळे आत येणारा उजेडही पानांतून गाळून आल्यासारखा हिरवा. थोरली आडवी झाली. दिवसाढवळ्या आडवं होणं तिला ठाऊक नव्हतं. घरात दुपार असते, ती अशी भिंतीवरून हळूहळू सरकत जाते, तिला स्वतःचा एक आवाज असतो, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. छतावरची पाल बराच वेळ हलली नाही. थोरलीही हलली नाही.

मग ताप चढला आणि सगळं पातळ झालं.

तापात तिला पाऊस ऐकू येई. डोळे उघडले की बाहेर रखरखीत ऊन. पुन्हा मिटले की पाऊस, संथ, एकसारखा. कधीतरी तिच्या लक्षात आलं, अंगणापलीकडच्या शेडमध्ये किडे खायला लागलेत. हजारो तोंडं पाला कुरतडतात तेव्हा असाच आवाज येतो. इतकी वर्षं ती त्या आवाजात उभी राहून राबली होती, पण कधी त्याखाली झोपली नव्हती.

एका दुपारी ती लहान होत होत इतकी लहान झाली की पानाच्या शिरेवरून चालू लागली. शीर रस्त्यासारखी रुंद होती आणि पायांना थंड लागत होती. दोन्हीकडे हिरवं मैदान, वर कुठेतरी सूर्य. चालता चालता पानाच्या देठाशी तिला आई दिसली. केव्हाच गेलेली आई. सुपात धान्य घेऊन खडे वेचत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "दमलीस का गं?"  हा प्रश्न थोरलीला कितीतरी वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती जागी झाली तेव्हा उशी ओली होती. घाम असेल, असं तिनं ठरवलं.

जाग आली की खाज. नर्सबाईंनी दिलेलं गुलाबी औषध फोडांवर थापून ती हाताच्या मुठी मांडीखाली दाबून धरी. तरी झोपेत खाजवलं जाई, म्हणून तिनं हातांना फडकी गुंडाळली. आरशाचा तुकडा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

जेवण आणायचं काम दिराकडे होतं. नर्सबाईंच्या सांगण्यावरून त्यानं अंगणात चुन्याची एक रेघ ओढली होती. घरातल्यांनी तिच्यापलीकडे यायचं नाही. तो रेघेवर ताट ठेवी आणि लांब काठीनं खोलीच्या दाराकडे ढकली. ताट दगडांवर खडखडत येई, पाणी हिंदकळून भातात सांडे.

"कुत्र्यालासुद्धा हातानं घालतात रे," थोरली एकदा म्हणाली.

दिराचं तोंड कसनुसं झालं. "वहिनी, नर्सबाई म्हणाल्या..."

"कळतं मला. माझंच तोंड सुटलं. जा तू."

तो गेला. तिनं भात खाल्ला, ताट धुतलं, उन्हात उपडं घातलं. दुसऱ्या दिवशी दीर काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून आला, म्हणजे खडखड व्हायला नको. तिला हसू आवरलं नाही, आणि हसताना ओठावरचा फोड फुटला.

किडे सगळे उठले नव्हते तेव्हाचीच गोष्ट. अंगणाकडच्या खिडकीतून हाक आली.

"ताई."

धाकटी रेघेच्या बरीच मागे उभी होती.

"काय?"

"किडे उठलेत."

"सगळे?"

"बरेच. काही अजून मान वर करून गप्प बसलेत."

"मग पाला घालू नकोस. थांब. सगळे उठू देत. निम्मे आधी जेवले की पुढे सगळाच गोंधळ होतो, एक झोपतो तर एक खातो."

"पण उठलेले भुकेले आहेत. इकडेतिकडे शोधतायत."

"शोधू देत. थोडा वेळ उपाशी राहून कुणी मरत नाही. आणि शेडमध्ये शिरताना चुन्याच्या पाण्यात पाय बुडवलेस का?"

"बुडवले."

"हात?"

"धुतले. ताई, हाताला लागले की अजून कसंतरीच होतं मला."

"होऊ दे. त्यांनाही होत असेल तुझा हात लागला की."

धाकटीनं तोंडावर हात धरला. हसली की काय, ते इतक्या लांबून कळलं नाही.

मग रोज असं चालू झालं. धाकटी विचारी, थोरली खिडकीतून सांगे. जुन्या फांद्यांवर नव्या कशा आडव्या घालायच्या, विष्ठा कधी झाडायची, झळ आली की शेडच्या पडद्यांवर पाणी किती मारायचं. सांगताना थोरलीला आधी फार जड जाई. हातानं करायची गोष्ट तोंडानं सांगायची म्हणजे तिला शब्दच सापडत नसत. "असं हळूच उचलायचं," ती म्हणे आणि खिडकीत बोटं नाचवी. धाकटी अंगणात तीच बोटं नाचवून दाखवी. "असं?" "हां, तसंच."

आणि जाण्याआधी धाकटी रोज बाह्या वर सारी, हात पुढे करून उलटेपालटे दाखवी, मान वळवून दाखवी.

"काही नाही, ताई."

"पोटावर?"

"नाही."

"पाठ कुणाकडून बघितलीस?"

"ह्यांनी बघितली. नाही काही."

थोरली खिडकीचा गज सोडून खाली बसे. आणखी एक दिवस गेला. पण पुढचे किती राहिले, ते मोजायची तिची छाती होत नसे.

थोरला संध्याकाळी काम आटोपून यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीला बाहेरून टेकून बसायचा. लहानपणी त्याला कांजिण्या होऊन गेल्या होत्या, कानामागे अजून वण होता. त्याला भीती नव्हती, पण तो घरात धाकटीच्या आसपास वावरणार, म्हणून आत पाऊल टाकत नसे.

"किडे कसे आहेत?" ती आतून विचारी.

"छान."

"छान म्हणजे काय?"

"म्हणजे... खातायत."

"देठं किती उरतात? पानं संपवतात का टाकतात?"

"बघितलं नाही."

"मग छान कशावरून म्हणता?"

तो हसायचा. त्याच्या तळहातांना फांद्या तोडून घट्टे पडलेले, ते तो अंगठ्यानं चोळत बसे. "तिला विचार. ती सांगेल नीट. सारखी शेडमध्येच असते."  भिंतीच्या आत एक पाठ, बाहेर एक. एकदा उठता उठता तो म्हणाला, "घर रिकामं रिकामं वाटतं." असं काही बोलायची त्याची रीत नव्हती. बोलून झाल्यावर तो इतक्या लगबगीनं निघून गेला की वहाणा तिथेच राहिल्या.

ताप उतरला. फोड काळपट पडून सुकायला लागले, तरी काखेत, पाठीवर काही ओले राहिले होते. आता झोपेत पानाचा रस्ता येत नसे, पण जागेपणीच तिचं मन तसं तरंगत राही. तुतीच्या फांद्या मागच्या खिडकीशी झुलत. ती बघत बसे. इतकं काम पडलेलं असताना आपण नुसतं बघत बसलो आहोत याची लाज वाटे, आणि लाजेच्याही खाली कुठेतरी, कुणाला सांगता येणार नाही असं बरंही वाटे.

मग एका सकाळी पाऊस थांबला.

थोरली ताडकन उठून बसली. शेडमधून आवाज येत नव्हता. तिला वाटलं, मेले सगळे. तिनं खिडकीतून जिवाच्या आकांतानं हाक मारली. धाकटी धापा टाकत अंगणात आली.

"ताई, पिवळे पडलेत! काचेसारखे दिसतात. खात नाहीत, मान वर करून नुसते डोलतायत!"

थोरलीचा जीव भांड्यात पडला. "अगं, पिकले ते. कोष करायला जागा शोधतायत. चंद्रिका मांडा."

चंद्रिका म्हणजे बांबूच्या विणलेल्या जाळ्या. पिकलेले किडे त्यांच्यावर सोडले की ते तिथे कोष विणतात. पण आता लक्षात आलं की चंद्रिका अपुऱ्या आहेत. किडे या वेळी मेलेच नव्हते. धाकटीनं राखले होते, एकूण एक. दोघे भाऊ घाईघाईनं बैलगाडी जुंपून पलीकडच्या वस्तीवर चंद्रिका मागायला गेले. धाकटी शेडमध्ये परत शिरली.

ऊन डोक्यावर आलं होतं. थोरली खिडकीत उभी होती. शेडच्या दारात धाकटी दिसली, चौकटीला धरून वाकलेली. थोरलीला वाटलं, दमली. मग धाकटीच्या पायांखालची माती ओली होताना तिनं पाहिली.

"ताई," धाकटी म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. "ताई, हे आत्ताच कसं?"

थोरलीचे पाय दाराकडे धावले. कडी काढली, उंबरा ओलांडला, अंगणातून पाच-सहा पावलं गेली आणि चुन्याच्या रेघेवर येऊन उभी राहिली. धाकटीनं हात पुढे केला होता. थोरलीचे हात आपोआप उचलले गेले. फडकी गुंडाळलेले, गुलाबी औषधानं माखलेले हात. ते तिनं तसेच खाली ओढले.

"बस," ती म्हणाली. "आत सावलीत बस. भिंतीला टेक. डाव्या कुशीवर वळ. मी येत नाही तुझ्याजवळ, पण मी तुला सोडून जात नाहीये. माणसं घेऊन येते. ऐकतेस ना?"

"लवकर या."

थोरली तुतीच्या ओळींमधून पळत सुटली. आठवड्याहून जास्त खाटेवर पडलेले पाय ढेकळांत अडखळत होते. फांद्या तोंडावर सपासप लागत होत्या, खपल्या निघत होत्या. अंगात चुरगळलेला झोपायचा सदरा, केसांच्या जटा. रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी होती आणि गिरणीवाल्याकडे तीनचाकी टेम्पो होता. सगळे त्याला बहिरा म्हणत. गिरणीच्या घरघरीत त्याला काही ऐकू येत नसे म्हणून.

गिरणीसमोर दळणाला आलेल्या दोन-तीन बाया बसल्या होत्या. थोरली रस्त्याच्या अलीकडेच थांबली.

"टेम्पो काढा! जाऊ अडली आहे!"

बायांनी तिच्याकडे बघितलं आणि त्या एकदम उठून मागे सरकल्या. एकीनं नाकाला फडकं लावलं. "अगं बाई, हिच्या तोंडाचं काय झालंय बघ!"

"जवळ येऊ नका, मी येत नाही तुमच्याजवळ! त्याला सांगा टेम्पो काढायला!"

पण त्या नुसत्या बघत राहिल्या. गिरणीवाला आत पाठमोरा, पिठानं पांढराफटक, गाणं म्हणत होता. थोरलीनं खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि गिरणीच्या पत्र्यावर भिरकावलं. मग दुसरं. तिसरं ढेकूळ आत जाऊन पिठाच्या डब्यात पडलं, तेव्हा तो वळला आणि शिव्या घालत बाहेर आला.

"कोण आहे रे तो?"

"मी आहे, आमच्या धाकटीला कळा सुरू झाल्यात!" थोरली दोन्ही हातांनी पोटाचा आकार दाखवत, मळ्याकडे बोट करत, रडत ओरडत होती. "टेम्पो! टेम्पो!"

गिरणीवाल्यानं क्षणभर बघितलं. मग गिरणीचा पट्टा काढला. घरघर थांबली. अचानक इतकं शांत झालं की थोरलीचे हुंदके सगळ्यांना ऐकू आले.

"बायकोला घेतो बरोबर," तो म्हणाला. "तुम्ही पुढे व्हा. आणि लांबून या बरं का."

टेम्पो अंगणात शिरला तेव्हा थोरली तुतीच्या ओळीत उभी होती. गिरणीवाल्याच्या बायकोनं धाकटीला धरून उठवलं, गोण्यांवर गादी घालून निजवलं. धाकटीचा चेहरा राखेसारखा झाला होता. टेम्पो वळताना तिनं मान उचलून मळ्याकडे पाहिलं, शोधलं आणि ओरडली.

"ताई! वरच्या दोन रॅकचे राहिलेत! खालचे घातले मी!"

धुरळा उडाला आणि टेम्पो दिसेनासा झाला.

अंगण रिकामं झालं. थोरलीनं हातावरची फडकी सोडली, चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले, हात कोपरापर्यंत धुतले आणि शेडमध्ये शिरली.

पडदे ओले होते. आत मंद, पिवळट उजेड. खालच्या रॅकवर चंद्रिका ओळीनं मांडलेल्या आणि त्यांच्या घड्यांमध्ये किडे डोकी हलवत पहिले धागे टाकत होते. दाटी नव्हती, रिकामी जागा नव्हती. किड्यांखालचे पाल्याचे थर स्वच्छ झाडलेले. थोरली कडेकडेनं फिरून बघत गेली. चूक शोधत होती ती, इतक्या वर्षांची सवय. सापडली नाही. उलट, किडे उष्म्यानं गुदमरू नयेत म्हणून पडद्याची कडा दोरीनं वर बांधायची एक युक्ती धाकटीनं केली होती, ती तिला कुणी सांगितली नव्हती. थोरलीला आत कुठेतरी टोचलं. मग ते टोचणं तसंच राहू देऊन ती वरच्या रॅककडे वळली.

पिकलेला किडा हातात घेतला की त्याच्या अंगातून उजेड आरपार जातो. थंड, मऊ, सोनेरी. ती एकेक उचलत होती, चंद्रिकेवर ठेवत होती. हात चुकत नव्हते. बसावंसं वाटे तेव्हा ती रॅकला डोकं टेकवी, मग पुन्हा उचलायला लागे. भोवती हजारो लहानशी डोकी हळूहळू हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढत होती आणि कशाचाही आवाज नव्हता. टेम्पो आता कुठे असेल, तिकडे काय चाललं असेल, हा विचार येई आणि तिच्या बोटांमधून पुढच्या किड्यात जाई, त्याच्या पुढच्यात जाई. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारात थोरला उभा राहिला तेव्हा वरचा एक रॅक संपला होता.

"धाकटी कुठे?"

तिनं सांगितलं. दीर चंद्रिका तिथेच टाकून शहराकडे पळाला. थोरला आत आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि उरलेले किडे तिच्यासारखेच उचलू लागला.

"बसतेस का जरा?" त्यानं विचारलं.

"नको. एवढे होऊ देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई सायकलवरून निरोप घेऊन आल्या. मुलगी. लहानखुरी आहे पण रडते खणखणीत. आईच्या अंगावर अजून काही नाही. दोघींना थोडे दिवस दवाखान्यातच ठेवणार, नंतर महिना पुरा होईपर्यंत धाकटी वडिलांकडे राहील. थोरली खोलीच्या दारात बसून ऐकत होती. नर्सबाई गेल्यावर ती आत गेली आणि खाटेवर पालथी पडून खूप वेळ रडली. यावेळी घाम असेल असं तिनं म्हटलं नाही.

खपल्या गळून पडल्या. नर्सबाईंनी तिला उन्हात उभं करून पाठ, मान, कान तपासले. "झालं. आता घरात जा खुशाल." थोरलीनं कोष काढले, चंद्रिका धुतल्या, मळ्याला पाणी दिलं, दोन्ही पुरुषांचं जेवणखाण केलं. पण झोपायला ती पाल्याच्या खोलीतच जाई.

"आता ये की घरात," थोरला म्हणे.

"येते. आज नको."

का नको, ते तिला सांगता येत नव्हतं. चेहऱ्यावर खड्डे राहिले होते. पण खरं कारण ते नव्हतं. घरात पाळणा बांधला होता. दिरानं बांधला होता. त्याच्याशेजारून जाताना ती अंग चोरून जाई. ज्या हातांनी एवढी भीती घातली, ते हात आता कुठे ठेवायचे, हे तिला उमगत नव्हतं.

धाकटी परतली ती टळटळीत दुपारी. महिना उलटून गेला होता, तिच्या अंगावर एक पुटकुळी उठली नव्हती. टेम्पोचा आवाज आला तशी थोरली पाल्याच्या खोलीत शिरली आणि खाटेच्या कडेवर बसून राहिली. अंगणात बोलणं चाललं होतं. दीर काहीतरी सांगत होता, थोरला हसत होता. मग पावलं आली, घराकडे न वळता सरळ इकडे. दार ढकललं गेलं.

धाकटी उभी होती. उतरलेली, घामाघूम, काखेत पिशवी, खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं पोर. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"किती गार आहे हो इथे," ती म्हणाली. "आम्ही तिकडे उकडून निघालो, आणि तुम्ही इथे बसून राहिलात एकट्या."

थोरली उठून भिंतीकडे सरकली. "अगं, जपून. मी..."

"नर्सबाईंना विचारूनच आलेय." धाकटी खाटेवर बसली आणि हुश्श केलं. "कोष कसे निघाले?"

"चांगले. घट्ट. वरच्या रॅकचे जरा पातळ आहेत, ते माझ्या हातचे."

धाकटी हसली. मग तिनं खांद्यावरचं पोर खाली घेतलं, न बघताच पुढे केलं.

"धरा हो जरा हिला. सगळ्या वाटेत माझा हात अवघडून गेलाय."

थोरलीनं हात पुढे केले. पोर त्यांच्यात आलं, गरम, हलकं, किरकिरत. तिनं त्याला छातीशी धरलं आणि उभ्याउभ्याच अंग झुलवायला लागली. खाटेवर धाकटी पाय लांब करून आडवी झाली होती. पोर गप्प व्हायच्या आधीच तिला झोप लागली.